बांबूचं अनुदान: इंदूरजवळ शेती असणाऱ्यांनी कोणती पायरी आधी चढावी

"चारशे रोपं लावून झाली, आता अनुदानाचा अर्ज कुठे करू?" इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर भागातल्या ओळखीच्या लोकांकडून हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. महू, मानपूर, सिमरोल, सांवेर, देपालपूरकडे वडिलोपार्जित जमीन आहे, शेती वाट्याने दिलेली आहे, आणि बांबूला सरकार पैसे देतं असं कानावर आलेलं असतं. पण रोपं आधी लावली की बहुतेकदा अनुदान हातचं गेलेलं असतं. मंजुरी आधी, लागवड नंतर, हा नियम आहे. बाकीच्या चुकाही अशाच उलट्या क्रमातून होतात, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितो.

पूर्ण कामाला साधारण आठ-नऊ महिने धरा. दिवाळीनंतर कागद, हिवाळ्यात खरेदीदार आणि जात ठरवणं, मार्चपर्यंत अर्ज, एप्रिल-मेमध्ये खड्डे, जुलैत लागवड. जूनमध्ये जाग आली तर यंदाचं वर्ष सोडा आणि पुढच्या वर्षाची तयारी करा. घाईत लावलेली बेटं पुढे वीस-तीस वर्षं तशीच सांभाळावी लागतात.

## १. आधी जमिनीचे कागद

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात, शेतात नव्हे. म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

लागणारे कागद असे: चालू वर्षाचा खसरा (सातबाऱ्यासारखा उतारा) आणि बी-वन (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा उतारा), नकाशाची प्रत, पावती (आपल्याकडे ऋणपुस्तिकेला पावतीच म्हणतात), आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी क्रमांक), बँक पासबुक, फोटो. सिंचनाची सोय काय आहे तेही विचारतात.

आता खसऱ्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. आपल्या घरांमध्ये जमीन अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली असतात, एक काका पुण्याला, एक आत्या नाशिकला. अशा वेळी आधी फौती नामांतरण, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावं चढवणं, करून घ्यावं लागतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात. एखाद्या वारसाचं नाव गाळून काम उरकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. पुढे तीच व्यक्ती आक्षेप घेते आणि अनुदान तर थांबतंच, घरातली बोलाचालीही थांबते. खातं सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचं लेखी संमतीपत्र जोडा.

दुसरी अडचण खास आपली, मराठी माणसांची. इथल्या हिंदी नोंदींमध्ये 'ळ' नसतो. खसऱ्यावर 'काले', आधारवर 'काळे'. कुठे 'कुलकर्णी', कुठे 'कुळकर्णी'. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहितो. इथे 'नाव, पिता अमुक' असं लिहितात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर तीन कागदांवर तीन नावं सापडतात. माझ्या मावशीचा अर्ज फक्त एवढ्यामुळे एक पूर्ण हंगाम पडून राहिला. जमीन तिची, खातं तिचं, पण पासबुकावर माहेरचं नाव होतं.

तपासा: खसरा, आधार, समग्र आणि पासबुक ही चारही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. फरक असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा.

तपासा: बँकेत नुसतं "आधार जोडलंय का" असं विचारू नका. "सरकारी अनुदान आधारवरून याच खात्यात जमा होईल ना" असं विचारा. दोन-तीन बँकांत खाती असली की पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात जातात.

जमीन जंगलाला लागून असेल, मानपूर-चोरल पट्ट्यात असं खूप आहे, तर सीमांकन करून घ्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून काढला गेला. त्यामुळे खासगी शेतातल्या बांबूला त्या कायद्याखाली तोडीचा किंवा वाहतुकीचा परवाना लागत नाही. पण ही सूट वनक्षेत्राबाहेरच्या बांबूलाच आहे. बेट नेमकं कुणाच्या हद्दीत उभं आहे हा वाद पाचव्या वर्षी, तोडणीच्या दिवशी निघू नये.

आणखी एक: खसऱ्यात क्षेत्र हेक्टरमध्ये असतं. अर्जात बिघे लिहू नका.

## २. आधी खरेदीदार, मग जात, मग जमिनीचा तुकडा

लोक याच्या नेमकं उलट करतात. नर्सरीत जे रोप मिळालं ते आणतात आणि पाच वर्षांनी गिऱ्हाईक शोधतात.

इंदूरच्या आसपास बांबूला मागणी कोणाची असते? अगरबत्तीच्या काड्या करणारे, टोपल्या-सुपं विणणारी बांसोड आणि बुरूड कुटुंबं, भाजीपाल्याला आधार देणारे शेतकरी, मंडपवाले, बांधकामाच्या बल्ल्या विकणारे. देवासच्या बाजूला बांबूवर प्रक्रियाही होते. प्रत्येकाला वेगळा माल हवा असतो.

तुलडा सरळ वाढतो, पेरं लांब असतात, म्हणून अगरबत्तीच्या काडीला तो मागतात. २०२० च्या जूनमध्ये बांबू काड्यांवरचं आयात शुल्क १० वरून २५ टक्के झालं, तेव्हापासून काडीवाले देशी मालाची चौकशी जास्त करतात. मानवेल, म्हणजे इथला देशी बांस, जवळजवळ भरीव असतो. लाठी, शेतातले खांब, अवजारांचे दांडे यांना तो बरा. आपल्या विंध्याच्या उतारांवर तो मुळातच आहे, त्यामुळे कमी पाण्यात तग धरतो. बालकोवा जाड आणि वजनदार, टनावर विकायचा असेल तर तो. पण पाणी मागतो. कटंग काटेरी, कुंपणाला चांगला, तोडायला फार त्रासाचा.

माझं मत स्पष्ट आहे: मुरमाड, उताराची, पाणी कमी असलेली जमीन असेल तर मानवेलच लावा, कुणी कितीही मोठे आकडे दाखवले तरी. सांवेर-देपालपूरकडच्या काळ्या जमिनीत विहीर किंवा बोअर बारमाही असेल तरच तुलडा किंवा बालकोव्याचा विचार करा.

काळ्या मातीची वेगळी काळजी घ्या. बांबूला पाणी हवं, पण साचलेलं पाणी मुळांना चालत नाही. आमच्या शेतात खालच्या बांधालगतची एक पट्टी आम्ही रिकामी ठेवायला हवी होती. ऑगस्टमध्ये तिथे घोट्याएवढं पाणी तीन आठवडे उभं राहिलं. आधी पानांची टोकं पिवळी पडली, मग नवे कोंब काळे पडून मऊ झाले, आणि कंद हातात घेतला तर त्याला आंबूस वास येत होता. त्या ओळीतलं एकही रोप वाचलं नाही. वरच्या बाजूला, चाळीस पावलांवर, त्याच दिवशी लावलेली रोपं कमरेला आली होती.

तपासा: जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी शेतात जा. जिथे पाय रुततो तिथे खूण करा. ती जागा सोडा किंवा उंच वरंबा करून त्यावर लावा.

खरेदीदाराशी बोलताना चार गोष्टी कागदावर घ्या: नगावर घेणार की वजनावर, ओला की सुका, तोडणी कोणाची, गाडीभाडं कोणाचं. "सगळा माल आम्ही परत घेऊ" असं तोंडी सांगून रोपं विकणाऱ्यांपासून सावध राहा.

## ३. अर्ज आणि मंजुरी

मध्य प्रदेशात बांबूचं काम राज्य बांस मिशन बघतं आणि ते वन विभागाच्या अखत्यारीत येतं. अनेक जण आधी उद्यानिकी (फलोत्पादन) किंवा कृषी विभागात चकरा मारतात. तुमचा रस्ता रेंज ऑफिसचा, म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आहे. इंदूर वनमंडळात इंदूर, महू, मानपूर आणि चोरल या रेंज आहेत. वनमंडळाचं कार्यालय नवरतन बागेत आहे.

पैशाची रचना समजून घ्या. केंद्राने २०१८ मध्ये राष्ट्रीय बांबू मिशन नव्याने सुरू केलं. आपल्याकडे केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. पुढे हे मिशन फलोत्पादनाच्या एकात्मिक अभियानात सामील केलं गेलं. मिशनच्या चौकटीत राज्यात शेतकऱ्यासाठी प्रति रोप तीन वर्षांचा खर्च २४० रुपये धरून त्याच्या निम्मे, म्हणजे १२० रुपये, अनुदान ठरलं. ते एकदम मिळत नाही: पहिल्या वर्षी ६०, दुसऱ्या वर्षी ३६, तिसऱ्या वर्षी २४.

पाच बाय पाच मीटरवर हेक्टरी ४०० रोपं बसतात. म्हणजे २४,००० + १४,४०० + ९,६००, एकूण ४८,००० रुपये. दर आणि अटी वर्षागणिक बदलू शकतात, त्यामुळे रेंज ऑफिसमधून त्या वर्षीचा आदेश मागून वाचा. जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर हिशेब मांडू नका.

खड्डे, रोपं, ठिबक, कुंपण यांचा पहिला खर्च तुमच्याच खिशातून होतो, अनुदान नंतर येतं. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर अर्ध्याच क्षेत्राचा अर्ज करा.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. शेत पाहायला कर्मचारी येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा. वाट्याने करणाऱ्या माणसाला हद्द दाखवायला पाठवलं की चुकीचा खसरा नंबर नोंदला जातो. मग मंजुरी एका तुकड्याची आणि बांबू दुसऱ्या तुकड्यात, अशी गत होते.

सावधान: लेखी मंजुरी हातात येईपर्यंत रोपांचं एकही बिल करू नका. मंजुरीच्या तारखेआधीचं बिल धरलं जात नाही.

सावधान: "अनुदान काढून देतो, एवढे टक्के द्या" म्हणणाऱ्याला कागद देऊ नका. अर्जाला दलाल लागत नाही.

## ४. खड्डे आणि रोपं

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दोन बाय दोन बाय दोन फूट. ऊन खाऊ द्या. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती, आठ-दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की उधई (वाळवी) लागलीच म्हणून समजा. काळ्या मातीत खड्डा जमिनीच्या वर वीतभर उंच भरा. पावसाने तो खाली बसतो, आणि खोलगट राहिला तर त्याचं डबकं होतं.

रोप मान्यताप्राप्त नर्सरीतूनच घ्या. वन विभागाच्या रोपणीत, म्हणजे महूजवळ बडगोंद्याला वगैरे, आधी चौकशी करा. बिलावर जात, संख्या आणि तारीख स्पष्ट लिहून घ्या. बियाण्याची रोपं 'टिशू कल्चर' (प्रयोगशाळेत वाढवलेली) म्हणून तिप्पट भावाने विकलेली मी पाहिली आहेत.

रोप कसं ओळखायचं? उंचीवर जाऊ नका. पिशवी हातात घेऊन बुंध्याशी बघा: एकच काडी नको, दोन-तीन तरी फुटवे हवेत आणि कंद धरलेला हवा. पिशवी फाटून मूळ जमिनीत गेलेलं रोप उचलताना तुटतं, ते घेऊ नका. नर्सरीवाल्याला विचारा की रोप बियाण्याचं आहे की जुन्या बेटाच्या कंदाचं किंवा फांदीचं. बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि मग अख्खं बेट वाळतं. जुन्या बेटापासून केलेलं रोप त्या बेटाचं वय घेऊनच येतं.

लागवड दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत ओली झाल्यावर, साधारण जुलैत. पहिल्या सरीला भुलू नका. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा आणि पायाने माती घट्ट दाबा.

लावलेल्या शेताचे फोटो त्याच दिवशी काढा, ठिकाण नोंदणाऱ्या मोबाइल ॲपने. विभाग आपले फोटो घेईलच, पण तुमच्याकडेही असू द्या.

## ५. पहिली दोन वर्षं

अनुदानाचे पुढचे हप्ते जिवंत रोपांवर अवलंबून असतात. ४०० पैकी ३२० उभी राहिली तर दुसरा हप्ता १४,४०० ऐवजी ११,५२० होतो. तिसऱ्यातही तशीच घट. म्हणून खरी मेहनत इथे आहे.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, लगेच भरा. सप्टेंबरच्या आत शेतभर फिरून मेलेली रोपं मोजा आणि त्याच जातीची नवी लावा. यासाठी सुरुवातीलाच दहा टक्के रोपं जास्त आणून सावलीत ठेवावीत.

पाणी डिसेंबर ते जून चुकवू नये. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा कोवळी मुळं तोडतात. आळ्यात गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचं काड पसरा, भेगा कमी पडतात. जानेवारीत पाळा (गोठलेलं दव) पडायची चिन्हं दिसली तर संध्याकाळी हलकं पाणी द्या.

मोकळ्या ओळींत पहिली दोन-तीन वर्षं सोयाबीन, हरभरा, लसूण घेता येतो, आणि घ्यावा, कारण बांबू तोवर काही देत नाही. पण इथे एक घातक चूक होते. बांबू हे गवत आहे. सोयाबीनमधलं गवत मारायला जे तणनाशक फवारतात ते बांबूलाही तसंच मारतं. आमच्याकडे फवारणाऱ्या माणसाने वारा असताना पंप चालवला. आठ दिवसांनी मधली कोवळी पानं ओढली तर सुरळीसकट निघून हातात येत होती, आतला गाभा तपकिरी झाला होता. एका सकाळच्या कामात सत्तरेक रोपं बसली. रोपाभोवती हातभर अंतरात खुरप्यानेच निंदणी करा आणि फवारणीच्या दिवशी शेतात उभे राहा.

दुसरा शत्रू नरवाई, म्हणजे पीक काढल्यावर उरलेली धसकटं जाळणं. गहू निघाल्यावर एप्रिलमध्ये शेजारच्या शेतात काडी लागली की वाऱ्याबरोबर आग तुमच्या आच्छादनात येते. मार्चअखेर शेताच्या कडेने दहा फुटांचा पट्टा नांगरून मोकळा करा. शेजाऱ्याला आधीच जाऊन भेटा.

रोजडे (नीलगायी) आणि साळिंदर कोवळे कोंब खातात. महू-चोरलकडे कुंपणाशिवाय बांबू लावू नका.

दरवर्षी पावसाळ्याआधी बेटाच्या बुडाशी मातीची भर द्या. कोंब उघड्यावर आले की बेट वर उचललं जातं आणि काठ्या बारीक निघतात.

## ६. मोजणी आणि हप्ते

दुसऱ्या वर्षी कर्मचारी आपणहून येतील अशी वाट बघत बसू नका. रेंज ऑफिसला लेखी अर्ज द्या की जिवंत रोपांची मोजणी करा, आणि पोच ठेवा. मोजणीआधी निंदणी करून घ्या. गवतात लपलेलं जिवंत रोप कुणाला दिसत नाही. ओळींना नंबर द्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला खुंटी आणि तिच्यावर रोपांची संख्या. आम्ही हे केल्यावर मोजणी तासाभरात झाली आणि आकड्यावरून वादही झाला नाही.

तपासा: पटवाऱ्याकडून गिरदावरीत (पीक-पाहणीत) 'बांस' अशी नोंद करून घेतली का? पुढे माल नेताना रस्त्यात कुणी अडवलं तर हीच नोंद कामी येते. त्या दिवशी खसऱ्याची प्रत आणि खरेदीदाराची पावती गाडीत ठेवा.

## ७. तोडणी

पाचव्या वर्षाच्या आसपास पहिली तोड. फक्त तीन वर्षांवरच्या काठ्या काढा. ओळखायच्या कशा, यासाठी एक सोपी सवय लावा: दर दिवाळीला त्या वर्षी आलेल्या काठ्यांवर एका रंगाचा पट्टा ओढा, पुढच्या वर्षी दुसरा रंग. मजुराला रंग सांगितला की चूक होत नाही.

पावसाळ्यात तोड करायची नाही, तेव्हा कोंब येत असतात. पाऊस संपून काठ्या सुकायला लागल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे दिवस चांगले. जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापा. पेराच्या मधे कापलं तर वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि सड खाली कंदापर्यंत जाते. बेटात शिरायला एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट करा आणि आतल्या जुन्या काठ्या काढा. बाहेरच्या कडेच्या सोप्या म्हणून कोवळ्या काठ्या तोडल्या की बेट दोन वर्षांत खचतं.

तोडलेल्या मालाला घुण लागते, ते पिठासारखा भुगा पाडणारे किडे असतात. सावलीत उभा करून वाळवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा.

## ८. उद्योग उभा करायचा असेल तर

काडी, टोपल्या, फर्निचर असं काही करायचं असेल तर तो अर्ज लागवडीपेक्षा पूर्ण वेगळा आहे. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबू नका.

गावात हाताने विणणाऱ्या कुटुंबांसाठी २०२३ पासूनची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत टोपली-चटई-झाडू बनवणारे येतात. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. एका कुटुंबातून एकालाच मिळतं. तुमच्या गावात बांसोड कुटुंब असेल तर त्यांना हे सांगा आणि नोंदणी केंद्रावर सोबत जा. उद्या तुमचा माल तेच घेणार आहेत.

यंत्रं घेऊन छोटा कारखाना काढायचा असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचे पैसे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्गीय आदींना ३५ टक्के आणि ५ टक्के. शहरी भागात हेच अनुदान १५ आणि २५ टक्के असतं. इंदूर महापालिकेच्या हद्दीत आता बरीच जुनी गावं आलेली आहेत, तेव्हा जागा ग्रामीण धरली जाते की शहरी ते आधी विचारा. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. १० लाखांवरच्या प्रकल्पाला आठवी पास असावं लागतं.

इथेही क्रमाचीच चूक होते: लोक सवलतीत मिळालं म्हणून यंत्र आधी आणतात आणि मग अर्ज करतात. सुरू असलेल्या उद्योगाला नव्याचं अनुदान मिळत नाही. अनुदानाची रक्कमही थेट हातात येत नाही, ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. मासिक हप्त्याचा हिशेब तसाच मांडा.

यंत्र ठरवण्याआधी दोन चकरा मारा. एक वीज कार्यालयात, थ्री-फेज जोडणी त्या जागेवर मिळेल का आणि किती दिवसांत, हे विचारायला. दुसरी चक्कर चालू काडी-युनिटवर: दिवसभर तिथे थांबा आणि एक क्विंटल ओल्या बांबूतून किती काडी निघाली, किती वाया गेलं, हे स्वतः तोलून वहीत लिहा. प्रकल्प अहवालात तोच आकडा घाला, यंत्र विकणाऱ्याच्या पत्रकातला नको.